लाल फुली

एकदा एक बाप आपल्या शाळेतल्या जुन्या गुरुजींकडे गेला, आणि मागायला काय गेला? तर संकेतस्थळ! हल्ली लोक आशीर्वादाचीही लिंक मागतील. असो.

बापाचं नाव विश्राम. त्याची लेक शर्वरी सहावीत. गणिताच्या तासाला तिला रडू फुटे. विश्रामने कसूर केली नव्हती. पाढ्यांसाठी एक संकेतस्थळ, भागाकारासाठी एक ॲप, रोज सरावाची उदाहरणं पाठवणारं आणखी एक. सगळं चांगलं, सगळं फुकट, त्याने शोधून लावून दिलेलं. तरी परवा पोरगी म्हणाली, "बाबा, मी ढ आहे. मला शाळेत नको पाठवूस."

"गुरुजी, अपूर्णांकांसाठी याहून उत्तम काही सांगा," विश्राम काकुळतीला येऊन म्हणाला.

गुरुजींनी त्याचाच मोबाइल घेतला आणि उदाहरण सोडवायला बसले. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. उत्तर लिहिलं, दोन छेद पाच. लाल फुली आली. पुन्हा तेच लिहिलं, पुन्हा फुली. हयातभर गणित शिकवलेला माणूस आणखी एकदा तेच लिहू लागला, तेव्हा विश्रामला राहवेना.

"अहो गुरुजी, असं काय करताय? छेद निराळे आहेत ना! थांबा." तो सरकून शेजारी बसला. गुरुजींच्या जेवणाचं ताट वाढून ठेवलेलं होतं, त्यातल्या भाकरीचे त्याने सहा सारखे तुकडे केले. "हे बघा, अर्धी म्हणजे यातले तीन, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. किती झाले?"

गुरुजींनी मोबाइल खाली ठेवला. "विश्राम, ही साधनं गुणाची आहेत. माझ्यासारखी ती कंटाळत नाहीत, खेकसत नाहीत. सराव त्यांनीच करून घ्यावा. पण पोर तेच तेच का चुकतं, हे शेजारी बसणाऱ्याला कळतं. आत्ता माझ्यापाशी सरकलास, तसा लेकीपाशी कधी बसलास?"

विश्रामने पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी त्याची गत झाली होती.

घरी शर्वरी संगणकावर उदाहरणं सोडवत होती. तो शेजारी बसताच तिने झटकन पडद्यावर हात ठेवला.

"बाबा, तू जा ना. तू बघितलंस की माझं चुकतं."

"चुकू दे," तो कसाबसा म्हणाला. "मी बसतो."

तिने हात काढला नाही. तोही उठला नाही.

साधनं पोरांना जरूर द्या, बाबांनो. पण शेजारी वेळेवर बसा. मोठी होतात हो ती.