न वळवलेली पन्हळ

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक बागाईतदार राहत होता. त्याचं घर उंचावर, चिऱ्याच्या भक्कम जोत्यावर. त्याच्या खालच्या अंगाला एका म्हातारीचं मातीच्या भिंतींचं घर होतं. सगळा गाव तिला काकी म्हणे.

बागाईतदाराला सगळ्यात मोठा अभिमान होता तो आपल्या पन्हळीचा. पोफळीची खोडं मधोमध चिरून, कोरून, एकापुढे एक जोडलेली ती पन्हळ डोंगरातल्या झऱ्याचं पाणी थेट त्याच्या परसातल्या दगडी डोणीत आणून सोडी. डोण भरली की जास्तीचं पाणी चरातून बागेत जाई. आल्यागेल्याला तो आधी पन्हळ दाखवी, मग पाणी विचारी.

एकदा दूरच्या गावी त्याच्या बहिणीच्या घरी लग्न निघालं. आता महिनाभर पाहुणचार झोडायचा, म्हणून घरातली सगळी खुशीत होती. सामान बैलगाडीत चढलं. बागाईतदाराने पुढच्या दाराला कुलूप लावलं, मागच्या दाराला लावलं, परसाच्या फाटकालाही लावलं.

तेवढ्यात काकी परसाच्या दगडी कुंपणाशी, गडग्याशी येऊन उभी राहिली.

"जातोयस तर पन्हळ तेवढी वळवून जा हो," ती म्हणाली. "मागे कोणी नाही. चरात काही अडकलं तर पाणी भलतीकडे जायचं."

पन्हळ वळवायची म्हणजे काय, तर तिचं वरचं तोंड जरासं सरकवायचं. मग पाणी काकीच्या परड्यातून ओढ्याला जाऊन मिळे. बागाईतदाराच्या मनात आलं, हिला माझं पाणी हवंय. महिनाभर फुकटात भाजी पिकवेल. म्हणतात ना, ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

"माझ्या पाण्याची काळजी तुम्ही नका करू, काकी," तो म्हणाला. "आणि मागे कोणी पन्हळीला हात लावलेला मला चालायचा नाही."

गाडी निघाली.

लग्न थाटात झालं. बागाईतदार जिलब्यांवर ताव मारी आणि दुपारी ताणून देई. इकडे पोफळीची एक वाळकी झावळी गळून चरात आडवी पडली. पाणी तुंबलं, चराबाहेर आलं आणि घराला वळसा घालून उताराला लागलं. त्याचं जोतं दगडाचं, त्याला काय होणार? खाली काकीची मातीची भिंत मात्र रोज पाणी पीत राहिली.

परत आल्यावर बागाईतदाराने घाईघाईने कुलपं उघडली. घरातला चमचासुद्धा हलला नव्हता. निर्धास्त होऊन तो परसात आला. खाली पाहतो तर काकीच्या स्वयंपाकघराची एक भिंत आडवी झालेली, चूल उघड्यावर पडलेली. काकी आणि परगावाहून आलेला तिचा मुलगा गाठोडी बांधत होते.

तो धावत खाली गेला. "काकी, गडगा चढून कुणी पन्हळ सरकवायची तरी," तो कसंबसं म्हणाला.

"मी वर आले होते रे. पाणी दिसत होतं. पण तू हात लावायचा नाही म्हणाला होतास. वाटलं, उद्या पाण्याची चोरी माझ्या माथी यायची. म्हटलं, येशील आज-उद्या." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी भिंत बांधून देतो. होती त्याहून पक्की."

"देशील हो. पण आता वर पाणी वाजलं की मला झोप यायची नाही."

मुलगा तिला आपल्या गावी घेऊन गेला. बागाईतदाराने भिंत बांधली, चांगली चिऱ्याची बांधली. पण ते वरातीमागून घोडं. दोनदा तो तिला आणायला गेला. तिने त्याला पेज वाढली, बहिणीची चौकशी केली, आणि परत यायचं नाव काढलं नाही. दुसऱ्या खेपेला परतताना तो वाटेत एका दगडावर बसून रडला. फुकट जाणारं पाणी शेजारणीला मिळू नये म्हणून आपण तिचं घर घालवलं, हे त्याला बायकोलाही सांगता येईना.

तात्पर्य: गावाला निघताना दाराला कुलूप घालण्याआधी पाण्याला वाट करून द्यावी, आपल्या घरचं सुटलेलं पाणी आपल्याच घरात थांबत नाही.