गोलपुढचा शेवटचा गडी

"आणि त्या गोलचं काय, मास्तर?"

निशिकांत सरनोबतनं हातातला टॅब दस्तगीर मास्तरांपुढं धरला.

मास्तरांनी तिकडं पाहिलं नाही. मैदानाच्या कडेला मांडी घालून ते फाटक्या जाळीला गाठी मारत होते.

"कुठल्या गोलचं?"

"विद्यापीठाच्या फायनलच्या. एकविसावं मिनिट. तुमचा रेवण जागा सोडून पुढं धावला, बॉल हुकला, मागं कोणीच नव्हतं. मॅच तिथंच गेली."

"गेली खरी."

मास्तरांनी आणखी एक गाठ मारली.

कोल्हापुरातलं हे कॉलेजचं मैदान निशिकांतच्या पायाखालचं. याच मातीत, याच मास्तरांच्या हाताखाली तो घडला. आता पुण्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबासाठी तो खेळाडू पारखायचा. वर्षाला तीनशे पोरं बघायची आणि दोन-तीन उचलायची. त्याचा शब्द क्लबात चालायचा, आणि तो चालतो याची त्याला चांगली जाणीव होती.

आज तो आला होता रेवण खोतसाठी. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा रेवण, गोलकीपरच्या पुढचा शेवटचा गडी. बाकीचे हुकले तर कुणीतरी सावरून घेतं. हा हुकला की गोल. क्लबला असाच एकजण हवा होता आणि अहवाल संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

खरं तर अहवाल निशिकांतनं कालच लिहून टाकला होता. 'नको.' आज तो आला होता तो केवळ मास्तरांचा मान राखायला.

"उंची पाच फूट नऊ. या जागेला कमीच," तो वाचू लागला. "पळायला बरा आहे. डावा पाय कच्चा. हे सगळं सुधारता येईल, मास्तर. खोड सुधारत नाही. शेवटच्या गड्यानं जागा सोडायची नसते."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच."

मास्तरांचा हात गाठीवर थांबला...

"फायनल पुरी बघितलीस?"

"गोलपर्यंत. पुढं बघण्यासारखं काही..."

"हं."

मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठले. बहात्तर वर्षांचं ते वाळकं शरीर सरळ व्हायला वेळ लागला. त्यांनी शिट्टी मारली. सराव थांबला. गोलकीपरला त्यांनी बोटानं बाहेर बोलावलं, त्याचे ग्लोव्हज काढून घेतले आणि निशिकांतच्या हातात दिले.

"जा. गोलमध्ये उभा ऱ्हा."

"मी?"

"तुला बघायचंय न्हवं त्याला? कडंनं समदेच बघत्यात."

निशिकांत छत्तीस वर्षांचा होता. पायात कोरे पांढरे बूट, अंगात क्लबाचा नवा टी-शर्ट. पण एकवीस पोरं त्याच्याकडं बघत होती. नाही म्हणायची सोय नव्हती.

तो जाऊन दोन खांबांमध्ये उभा राहिला. गोल एवढा रुंद असतो हे तो विसरूनच गेला होता.

समोर रेवणची पाठ. घामानं चिकटलेली जर्सी.

खेळ सुरू झाला. समोरच्या संघानं मधल्या फळीतून लांब पास टाकला. पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागायच्या आधीच रेवण निघाला होता. त्यानं पास मधेच कापला.

दुसराही कापला.

तिसऱ्याला अर्धं पाऊल उशीर झाला. बॉल त्याच्या बुटाच्या टोकाखालून सटकला. फॉरवर्ड एकटा पुढं आला. निशिकांतनं हात पसरले, आणि बॉल त्याच्या दोन पायांमधून जाळीत गेला.

पोरं खो खो हसली.

"मागं थांब!" निशिकांत ओरडला. "पाच पावलं मागं!"

रेवणनं मान वळवली.

"न्हाई, सर."

"काय?"

"मागं न्हाई येणार."

पुन्हा तसाच पास आला. रेवण पुन्हा तसाच पुढं गेला आणि पुन्हा हुकला. या वेळी फटका सरळ निशिकांतच्या बरगडीत बसला. तो वाकून खाली बसला. बॉल बाजूनं बाहेर गेला होता, पण त्याचं त्याला भान नव्हतं.

रेवण धावत आला. हात देऊन त्यानं त्याला उठवलं.

"लागलं का, सर?"

"मी सांगितलेलं ऐकू आलं नाही तुला?"

"आलं की."

"मग?"

"मी मागं आलो की पुढचे गडीबी मागं येत्यात. मग बॉल हितंच घुटमळत ऱ्हातोय. तुमच्या दारात."

"दोनदा हुकलास!"

"व्हय. दोन्ही माझ्या नावावर."

"क्लबात असलं चालणार नाही."

"मग ऱ्हाऊ दे क्लब."

आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. एवढं बोलून तो आपल्या जागेकडं गेला. निशिकांत बरगडी धरून बघत होता. रेवण आधीच्या जागेवर थांबला नाही. त्याच्याही एक पाऊल पुढं जाऊन उभा राहिला.

पास आला.

रेवणनं तो छातीवर घेतला, खाली पाडला आणि तसाच पुढं दिला. त्याच्यामागोमाग सगळा संघ पुढं सरकला. बघता बघता अर्धं मैदान रिकामं झालं. आरडाओरडा लांब, पलीकडच्या गोलपाशी गेला. निशिकांतच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

त्यानं ग्लोव्हज काढले.

"त्या गोलनंतर फायनलमध्ये काय झालं?" मास्तरांपाशी येऊन त्यानं विचारलं.

"सत्तर मिनिटं लोकांनी त्याच्या आयमाईचा उद्धार केला. त्या सत्तर मिनिटांत तो नऊ येळा असाच पुढं गेला. नऊ येळा बॉल काढून आणला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तू इचारलं न्हाईस."

निशिकांत त्यांच्या शेजारी मातीत बसला.

एकविसाव्या वर्षी तोही शेवटचा गडी होता. तोही एका फायनलमध्ये असाच पुढं धावला होता, हुकला होता. हाफटाइमला मास्तरांनी त्याचा खांदा दाबून सांगितलं होतं, 'मागं थांबायचं, निशा. आजपासनं जागा सोडायची न्हाई.' त्यानं ते देवाचा शब्द म्हणून पाळलं. त्यानंतर तो पाच वर्षं खेळला, पण त्याच्या चुकीनं पुन्हा एकही गोल झाला नाही. त्याचा त्याला अभिमान होता. त्या पाच वर्षांत कुठल्याच मोठ्या संघानं त्याला बोलावलं नाही, याचं कारण मात्र त्यानं कधी शोधलं नव्हतं.

"मास्तर, त्या दिवशी हाफटाइमला तुम्ही मला..."

"व्हय."

"तुम्ही मला मागं..."

"माझी चूक झाली, निशा."

मास्तरांच्या तोंडून हा शब्द त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"कप जाईल म्हणून भ्यालो मी. तुला मागं वढलं. आणि तू मागंच ऱ्हायलास."

"पाच वर्षं, मास्तर!" निशिकांतचा आवाज फाटला. सरावातली दोन पोरं वळून बघू लागली. "पाच वर्षं मी तिथंच उभा होतो!"

मास्तरांनी मान खाली घातली नाही. सबबही सांगितली नाही.

"व्हय," ते म्हणाले. "ह्या फायनलला हाफटाइमला ह्याला फकस्त पाणी दिलं. तोंडातनं शब्द काढला न्हाई."

निशिकांत उठला. तरातरा मैदानाच्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला. मग त्यानं फोन काढला आणि मास्तरांसमोरच पुण्याला लावला.

"बोल. नको ना तो खोत?" पलीकडून मुख्य प्रशिक्षकांचा आवाज आला.

"घ्या, साहेब."

"अरे, तो गोल पाहिलास ना?"

"पाहिला. त्या गोलसाठीच घ्या म्हणतोय."

"डोकं ठिकाणावर आहे का? उद्या चुकला तर जबाबदारी कोणाची?"

"माझी. लेखी देतो."

"तुझी नोकरी जाईल, सरनोबत."

"गेली तर गेली."

साहेबांशी तो असा कधी बोलला नव्हता.

"सोमवारी पाठव. महिनाभर बघतो. नाही जमलं तर दोघंही घरी."

निशिकांतनं टॅबवरचा 'नको' पुसला. त्या जागी एकच ओळ लिहिली, 'घ्या, जबाबदारी माझी', आणि अहवाल पाठवून दिला. बरगडी ठणकत होती. तरी किती तरी वर्षांनी त्याला आपली मान ताठ असल्यासारखी वाटली.

त्यानं रेवणला हाक मारून सोमवारचं सांगितलं.

रेवणनं बुटाची नाडी सोडता सोडता विचारलं, "आन् तिथं मागं थांब म्हटलं तर, सर?"

"तर त्यांना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

पोरगं पहिल्यांदाच हसलं. बूट हातात घेऊन अनवाणी पायांनी ते आपल्या सोबत्यांकडं पळत गेलं.

निशिकांत त्या पाठमोऱ्या पोराकडं बघत राहिला. फोनवरची गुर्मी हळूहळू ओसरली. मग त्यानं हळू आवाजात विचारलं,

"मास्तर... तिथं हजारो लोक असतील. पहिल्याच मॅचला चुकला, गोल खाल्ला, तर?"

मास्तर जायला निघाले होते. पाय न थांबवता म्हणाले,

"गोल झाला की ज्यानं तो खाल्ला, त्याच्याच पायात पयला बॉल देत्यात, लेका. खेळाचा कायदाच हाय तसा."