हत्तीचं जावळ आणि तीन जावई

खेळ एकच, आणि रंगसेन राजाने तो तिघांना कबूल करून ठेवला होता!

खेळ होता कळसूत्री बाहुल्यांचा. नाव ‘हत्तीचं जावळ’. हत्तीच्या डोक्यावरचे चार केस उतरवायला एक न्हावी वस्तरा घेऊन निघतो आणि हत्ती त्याला गावभर पळवतो, एवढीच गोष्ट. पण चिमाजी बाहुलेकार आणि त्याची मुलगी भिवरा तो खेळ असा रंगवत, की माणसं हसून हसून जमिनीवर लोळत. वसंतोत्सवाला पाहुणे म्हणून आलेले शेजारचे तीन राजेसुद्धा लोळले. निघताना प्रत्येकाने रंगसेनाला हळूच म्हटलं, “हा खेळ आमच्या राज्यासाठी द्या ना!”

राजा भलताच खुशीत होता. त्याने प्रत्येकाच्या हातावर टाळी दिली. “दिला! फक्त तुम्हाला. दुसऱ्या कुणालाही नाही. राजाचा शब्द आहे!”

आणि आज तिघांचे दूत एकाच वेळी दरबारात हजर!

“खेळ डोंगरदेशाचा!”

“हट्! दर्यादेशाचा!”

“माळदेशाचा! हात लावून दाखवा!”

बघता बघता डोंगरदेशाच्या दूताच्या हाती दर्यादेशाच्या दूताची मिशी आली. प्रधानजी घाबरून राजाच्या कानाशी लागले. “महाराज, एकाला हो म्हणा आणि दोघांची क्षमा मागा. नाहीतर लढाया होतील.”

“क्षमा? आणि मी?” राजा गरजला. “माझा शब्द तिघांच्या बाबतीत खरा ठरलाच पाहिजे! आणि खेळ माझ्याकडेही राहिला पाहिजे. तो पाहिल्याशिवाय मला जेवण पचत नाही!”

“पण महाराज, हे जमायचं कसं?”

“मला काय विचारता? खेळ करतो त्याला विचारा!”

चिमाजीला बोलावणं गेलं. तो भिवराला आणि बाहुल्यांना घेऊनच आला. राजाने फर्मावलं, “सूर्य मावळायच्या आत यातून वाट काढ. नाही निघाली, तर भांडणाचं मूळच नको. तुझ्या सगळ्या बाहुल्या चुलीत!”

त्या बाहुल्या चिमाजीच्या आजोबांनी कोरलेल्या. तो हात जोडून विनवू लागला. तेव्हा हत्तीची बाहुली खांद्यावर टाकून भिवरा पुढे आली.

“महाराज, मी बघू का?”

“बघ. पण कुणाशी खोटं बोलायचं नाही!”

“खोटं कशाला, महाराज? तुमचा शब्द खराच आहे. फक्त जरा घाईत जन्मलाय!”

दरबार खुदकन हसला. भिवराने दूतांना विचारलं, “तुमच्याकडच्या लोकांना आमची बोली कळते?”

दूत एकमेकांकडे पाहू लागले. माळदेशाचा दूत म्हणाला, “राजेसाहेबांना कळते. आम्हा दरबारी मंडळींना कळते.”

“आणि बाकीचे? ते हसणार कशाला? न्हाव्याचं तोंड बघून?”

भिवराने चिमाजीकडे पाहिलं. जत्रांमागून जत्रा फिरलेल्या त्या बापलेकींना चारी मुलखांच्या बोली पाठ होत्या. “आबा, धरा दोऱ्या!”

आधी हत्ती डोंगरी बोलीत बोलला. “आधी त्या अस्वलाचं जावळ काढ, मग माझ्याकडे ये!” डोंगरदेशाचा दूत असा हसला, की त्याची पगडी पडली. बाकीचे दोघे मख्ख! “काय म्हणाला तो?”

मग न्हावी दर्यादेशाच्या बोलीत ओरडत होडीत चढला, हत्तीही चढला, आणि न्हावी उडून थेट माशांच्या टोपलीत! दर्यादेशाचा दूत मांड्या पिटू लागला. डोंगरवाला म्हणाला, “यात हसण्यासारखं काय आहे?”

शेवटी माळदेशाच्या बोलीत हत्तीने एकेका केसावरून हुज्जत घातली. “हा नको! हा आजोबांवर गेलाय!” माळदेशाचा उंच, उदास दूत घोड्यासारखा खिंकाळला.

भिवराने दोऱ्या खाली ठेवल्या. “महाराज, एका गृहस्थाला तीन मुली. त्याने तिन्ही जावयांना सांगितलं, ‘माझी लेक फक्त तुमची, दुसऱ्या कुणाची नाही.’ तो खोटं बोलला का?”

“छे! मुळीच नाही!”

“मग तुम्हीही नाही! ही डोंगरी बोलीतली थोरली, ही दर्याची मधली, ही माळाची धाकटी. ज्याची त्याला!”

राजा सिंहासनावरून अर्धा उठला. पण डोंगरदेशाचा दूत संशयी होता. “आणि या दर्यावाल्यांनी आमच्या बोलीतला खेळ केला तर?”

“मेहुणीला पळवणारा जावई पुन्हा सासऱ्याच्या दारात उभा राहील का?”

दर्यादेशाच्या दूताने विचारलं, “आम्ही आमचा खेळ पलीकडच्या बेटावर दिला तर?”

“लेक नांदवायला दिलीय, वाटायला नाही!”

“पण ती कायमची आमची ना?” माळदेशाचा दूत म्हणाला.

“तुमचीच! मात्र दिवाळीला माहेरी येईल. सुखात नांदवली असेल तर पुन्हा पाठवू. नाहीतर ठेवून घेऊ!”

तिन्ही दूतांनी माना डोलावल्या. एवढ्यात राजाचा चेहरा पडला. “अगं, पण मला काय उरलं?”

“आई, महाराज! लेकी सासरी जातात. आई घर सोडून कुठे जाते?”

राजा खदाखदा हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि ठसक्यातून सावरताच त्याला हिशेब सुचला. “वा! म्हणजे तिन्ही जावयांकडचे आहेर, मानपान, सगळं माझंच!”

“जरूर घ्या,” भिवरा म्हणाली. “पण महाराज, आई तुमच्या घरी असली, तरी तिन्ही बाळंतपणं आम्ही केलीत!”

आता मात्र राजा पोट धरून सिंहासनावरून घसरला, तो थेट पायरीवर येऊन बसला! डोळे पुसत म्हणाला, “अर्धा आहेर बाहुलेकारांचा! आणि भिवरा, आजपासून तू आमच्या बाजूची राजविहीण! इथल्या कुठल्याही खेळाला परमुलखातून स्थळ आलं, तर लग्न ठरवायचं तू. आम्ही फक्त अक्षता टाकणार!”