सिंहीण आणि सफारीची गाडी

आफ्रिकेतल्या एका माळरानावर सफारीच्या गाड्या नुकत्याच येऊ लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. तिथे एक सिंहीण आपल्या दोन बछड्यांना घेऊन राहत होती. ती शिकारीला निघाली की गाडी यायची, आतली माणसं "सिंहीण! सिंहीण!" असं ओरडायची आणि झेब्रे सावध होऊन पळून जायचे. शेवटी बछडे भुकेनं उठेनासे झाले.

त्या दिवशी गाडी आली, तशी सिंहीण तिच्याच आडोशानं झेब्र्यांकडे सरकू लागली. आत सगळ्यांच्या दुर्बिणी दूरच्या एका पिवळ्या खडकावर होत्या.

"अहो, खडक कसला, सिंहच तो! शेपटी हलली!" एक काका ओरडले.

ते ऐकून झेब्रेही घाबरून खडकाकडेच बघू लागले. सिंहिणीनं मागच्या चाकाजवळून झेप घेतली. झेब्रे उधळले, धुळीचे लोट उठले. काकूंनी घाईघाईनं खिडक्या लावून घेतल्या.

"एवढ्या लांब येऊन सिंह काही दिसला नाही," परतताना काका कुरकुरले.

झुडपामागे बछड्यानं विचारलं, "आई, ती माणसं काय शोधत होती गं?"

"आपल्यालाच," सिंहीण पंजा चाटत म्हणाली. "तू जेव."