एका महिन्याची मुदत

नदीकाठी साळ्यांची एक पेठ होती. त्या पेठेत नामाजी नावाचा विणकर आणि त्याची बायको सगुणा राहत होती. घरात दोघेच. नामाजी मागावर बसून लुगडी विणी, आणि सगुणा रहाटावर सूत गुंडाळून त्याला कांड्या भरून देई. नामाजीचा हात चांगला होता. त्याने विणलेल्या लुगड्याचा काठ बायका बोटाने चाचपून पाहत आणि भाव न करता पैसे देत.

एका उन्हाळ्यात पेठेला आग लागली. नामाजीचे घर जळाले, माग जळाला, विकायला तयार असलेली सात लुगडी जळाली. नेसत्या वस्त्रानिशी दोघे बाहेर पडली. घर पुन्हा उभे करायचे, माग घालायचा, सूत आणायचे, तर हातात काहीच नव्हते. नामाजीने पेठेतल्या त्रिंबकशेटकडून कर्ज काढले. दर पौर्णिमेला ठरलेला हप्ता द्यायचा, अशी पाच वर्षे. शेटने कागद केला, नामाजीने अंगठा उठवला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "एकही पौर्णिमा चुकू द्यायची नाही." सगुणा म्हणाली, "नाही चुकणार."

आणि खरेच, त्या दोघांनी कंबर कसली. जेवण दिवसाउजेडी उरकायचे, म्हणजे दिव्याला तेल लागत नाही. भाकरीबरोबर चटणी असली तर भाजी नाही, भाजी असली तर चटणी नाही. गूळ फक्त सणाला. घरात लुगडी विणली जात, पण सगुणा मात्र दोन जुनी लुगडी मधोमध फाडून, धडके भाग जोडून, दंड घातलेले लुगडे नेसत असे. नामाजीने पान-तंबाखू सोडली. सुरुवातीला या काटकसरीत दोघांना मजाही वाटे. मिठाचा खडा जरा जास्त पडला तरी सगुणा हसून म्हणे, "आज मेजवानी झाली." पौर्णिमेच्या सकाळी नामाजी हप्ता घेऊन निघे, तेव्हा ती दारापर्यंत येई आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत उभी राही.

सगुणाचे माहेर घाटाखाली होते, पायी तीन दिवसांच्या वाटेवर. तिथे तिची म्हातारी आई एकटीच राहत होती. वडील लहानपणीच गेलेले, भाऊ-बहीण कुणी नाही. हुसेनभाई नावाचा एक कल्हईवाला गावोगाव फिरत असे. तो वर्षातून दोनदा घाटाखाली उतरे आणि मायलेकींचे निरोप इकडून तिकडे पोचवी. आगीनंतर पहिली दोन वर्षे आईचा निरोप एकच असे, "मी बरी आहे, तुम्ही जपा."

तिसऱ्या वर्षी हुसेनभाई आला तो भांडी खाली ठेवून आधी पाणी प्यायला. मग म्हणाला, "बहन, आईच्या डोळ्यांना कमी दिसायला लागलंय. मला आवाजावरून ओळखलं. तिनं सांगितलंय, दिसतंय तोवर एकदा येऊन जा."

सगुणाने रहाट थांबवला.  दुसऱ्या दिवशी कांड्या भरता भरता तिने विषय काढला. नामाजीने मागावरून न उठताच हिशेब केला. जायला तीन दिवस, यायला तीन, तिथे चार दिवस तरी राहायचे. घाटात एकट्या बाईला पाठवता येत नाही, म्हणजे दोघांनी जायचे. दहा दिवस माग बंद. त्या महिन्याचे लुगडे पुरे होणार नाही. हप्ता चुकणार.

सगुणाने तो सगळा हिशेब ऐकून घेतला. तो चुकीचा नव्हता. मग ती म्हणाली, "अहो, शेटना एक महिना थांबायला सांगता का? पुढच्या पौर्णिमेला दोन्ही हप्ते देऊ. मी पहाटे उठून जास्त कांड्या भरीन."

लग्नाला अकरा वर्षे झाली होती. तेवढ्या वर्षांत सगुणाने स्वतःसाठी नवऱ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. नामाजी म्हणाला, "सांगतो."

तो त्याच दिवशी शेटच्या दुकानी गेला. दुकानात पेठेतली चार माणसे बसली होती. त्यांतल्या एकाचे शेटकडे देणे थकले होते, आणि शेट त्याला चार शब्द सुनावत होता. नामाजी पायरी चढला तसा शेटचा चेहरा खुलला. त्याने सगळ्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवले आणि म्हटले, "कर्ज घ्यावं तर या नामाजीसारख्यानं. घर जळालं, पण पौर्णिमा चुकली नाही."

चारही माणसांनी वळून नामाजीकडे पाहिले. नामाजीचा ऊर भरून आला. अंगावर मळका सदरा, पोटात सकाळची अर्धी भाकरी, पण त्या क्षणी त्याला आपण पेठेतले कुणीतरी आहोत असे वाटले. ज्या कामासाठी तो आला होता, ते त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडकले. या माणसांसमोर आता 'महिनाभर थांबा' कसे म्हणायचे? शेटने विचारले, "काही काम होतं?" नामाजी म्हणाला, "सहज आलो होतो."

परत येताना तो नदीवर जाऊन बसला. उद्या एकट्याला गाठून विचारू, असे त्याने ठरवले. पण घरी आला तर सगुणा दारात उभी होती. तिने नुसते त्याच्या तोंडाकडे पाहिले. विचारलेच नाही, हे सांगायची नामाजीला लाज वाटली. तो म्हणाला, "शेट नाही म्हणाले."

एकदा असे बोलून बसल्यावर दुसऱ्या दिवशी विचारायलाही जाता येईना; शेट हो म्हणाले, तर खोटे उघडे पडणार.

सगुणा दारातून वळली. आत गेली आणि चुलीपुढे बसली. बराच वेळ तिने चूल पेटवली नाही. मग हुसेनभाईबरोबर तिने आईला निरोप दिला, "शेटची मुदत संपली की लगेच येते, तोवर डोळ्यांना जप." त्या दिवसापासून तिने त्रिंबकशेटच्या दुकानावरून जाणे सोडले. पाणी आणायला ती लांबच्या वाटेने जाई. शेटच्या घरी पूजा असली की पेठेतल्या बायका जात, ही जात नसे. कुणी कारण विचारले तर म्हणे, "त्या घरचा प्रसाद मला गिळवत नाही." नामाजी हे ऐके आणि मान खाली घालून धोटा फेकत राही. कितीदा तरी त्याच्या मनात आले की खरे सांगून टाकावे. पण जसजसे दिवस गेले, तसतसे ते जास्तच अवघड होत गेले.

पुढल्या वर्षी हुसेनभाई पुन्हा घाटाखालून आला. या वेळी त्याने दारातूनच नामाजीला बाहेर बोलावले. सगुणाची आई माघ महिन्यात गेली होती. गावातल्या लोकांनी तिला पोचवले होते.

सगुणा रडली, पण मोठ्याने नाही. तीन दिवस झाल्यावर ती पुन्हा रहाटावर बसली. त्या महिन्याचाही हप्ता चुकला नाही.

पाच वर्षे पुरी होत आली. शेवटच्या पौर्णिमेला नामाजी निघाला, तर सगुणाही पदर सावरून निघाली. नामाजी चपापला. तो म्हणाला, "तू कशाला येतेस? मी कागद घेऊन येतो." ती म्हणाली, "मला त्या माणसाचं तोंड एकदा बघायचंय." उन्हाचे निमित्त सांगून झाले, गर्दीचे सांगून झाले. ती ऐकेना. वाटभर नामाजी तिच्या पुढे चार पावले चालत होता.

त्रिंबकशेटने पैसे मोजून घेतले, कागद काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. मग त्याने बायकोला हाक मारली आणि सगुणाची ओटी भरायला सांगितली. शेटाणी खण-नारळ घेऊन आली. सगुणाने पदर पुढे केला नाही. ती शेटकडे पाहून म्हणाली, "शेट, तुम्ही एक महिना थांबला असतात, तर माझी आई मला भेटली असती."

शेटला काही उमजेना. त्याने विचारले, "मी कधी नाही म्हणालो, बाई?"

"दोन वर्षांपूर्वी. हे विचारायला आले होते तेव्हा."

शेटने नामाजीकडे पाहिले. नामाजी जमिनीकडे पाहत होता. शेट म्हातारा माणूस होता, त्याच्या सगळे ध्यानात आले. पण तो खोटे बोलू शकला नाही. हळू आवाजात म्हणाला, "मला कुणी विचारलं नाही, बाई. विचारलं असतं तर एक सोडून चार महिने थांबलो असतो. मलाही आई होती."

 सगुणाने पदर पुढे केला, शेटाणीने तिची ओटी भरली. सगुणा खाली वाकली आणि तिने शेटच्या पायांना हात लावला. दोन वर्षे ज्याला मनातून शिव्याशाप दिले, त्याची तिने न बोलता क्षमा मागितली. मग ती पायऱ्या उतरून घराच्या वाटेला लागली.

घरी गेल्यावर नामाजीने तिला सगळे सांगितले. चार माणसे बसलेली, शेटने केलेली वाहवा, आपली उचललीच न गेलेली जीभ, आणि नंतरचे खोटे. काहीही लपवले नाही. सगुणाने शेवटपर्यंत ऐकले. मग ती एवढेच म्हणाली, "त्या दिवशी 'मला लाज वाटली' म्हणाला असतात, तर मी स्वतः जाऊन विचारलं असतं."

पुढच्या आठवड्यात माग बंद ठेवून दोघे घाटाखाली गेली. आईच्या घराला कुलूप नव्हते, दार नुसते लोटलेले होते. आत कोळिष्टके झाली होती. शेजारची म्हातारी काठी टेकत आली आणि सांगू लागली. शेवटी शेवटी आईला अजिबात दिसत नव्हते. ती सबंध दिवस ओट्यावर बसून असे. वाटेने कुठल्याही बाईची चाहूल लागली की विचारी, "सगुणा का गं?" गावातल्या पोरीबाळी आधी नाही म्हणत. मग त्यांना वाईट वाटू लागले, तेव्हा त्या ओट्यासमोरून जाताना पावले न वाजवता जाऊ लागल्या.

सगुणा त्या ओट्यावर दिवस कलेपर्यंत बसून राहिली. नामाजी अंगणात उभा होता. तिच्याजवळ जाऊन बसायचे त्याला धाडस झाले नाही.

त्यानंतर त्यांचे दिवस बरे आले. नामाजीने दुसरा माग घातला. घरात तेल आले, गूळ आला, दूध आले. सगुणा त्याच्याशी कधी भांडली नाही. वेळेवर भाकरी वाढी, तो आजारी पडला तर रात्रंदिवस उशाशी बसे. पण तिने त्याच्याकडे पुन्हा कधी काही मागितले नाही. बाजाराला निघताना नामाजी दर वेळी दारात थांबून विचारी, "तुझ्यासाठी काय आणू?" ती म्हणे, "मला काही नको." तो अजून थोडा वेळ उभा राही, आणि मग पिशवी घेऊन निघून जाई.

तात्पर्य: देणे वेळेवर फेडावे, पण चार लोकांच्या वाहवेपायी आपल्या माणसाची निकड मागे सारू नये. सावकाराकडे मुदत मागता येते, मरणाकडे मागता येत नाही.