येसू गुरविणीची प्रदक्षिणा

फार मागची गोष्ट. सोनवाळच्या माळावरचं देऊळ तेव्हाही पडकंच होतं. कुणी बांधलं ते ठाऊक नव्हतं, आत देवही नव्हता. त्यामुळे कोरीव दगड घरी नेताना गावाला संकोच वाटला नाही. कुणाच्या गोठ्यात हत्ती गेला, कुणाच्या चुलीमागे कमळ, आणि दौलत पाटलांच्या न्हाणीत एक अप्सरा पालथी पडली. तिच्या पाठीवर उभे राहून पाटील अंघोळ करत.

देवळाची दिवाबत्ती येसू गुरविणीकडे होती. दिवेलागणीला ती प्रदक्षिणा घाली आणि प्रत्येक दगडावर तळहात टेकी. दगड जागेवर नसला, तर तो असेल त्या घरी जाई. एक जरी दगड एक संध्याकाळ हात लावायचा राहिला, तर देऊळ स्वतःला विसरेल, असं ती म्हणे. असं म्हणतात, की होता होता तिची प्रदक्षिणा अख्ख्या गावाला वळसा घालू लागली. पाटील अंघोळ वेळेत आटपू लागले.

मग पाटलांनी देवळाचा उंबरा उचलून लेकीच्या सासरी, खिंडीपलीकडच्या निंबोरीला धाडला.

येसू म्हणाली, "पाटील, माझे पाय आता गावापुरतेच उरलेत."

"मग गावापुरतीच फीर की, येसूआत्या. देवळाला काय कळतंय?"

"तुमच्या न्हाणीतलीला विचारा."

पाटलांनी विचारलं नाही.

येसू रोज दुपारीच निंबोरीला निघे आणि दिवेलागणीला परते. एके दिवशी जातानाच ती खिंडीत बसली, ती उठेना. दिवेलागण झाली. गोठ्यांत गाई बसेनात. न्हाणीतलं पाणी घंगाळात थरथरू लागलं. वाकायची सवय नसलेले पाटील वाकले आणि त्यांनी अप्सरेच्या पाठीवर हात ठेवला. ती तापलेल्या पोरासारखी कढत होती.

तिकडे पाटलांची लेक गोदा म्हातारीची वाट बघून थकली. तिने पदराला हात पुसून उंबऱ्यावर टेकला. असं म्हणतात, की पाण्याखाली घंटा वाजावी तसा नाद डोंगरातून सोनवाळपर्यंत आला. ज्याच्या घरी दगड होता, त्याचा हात आपोआप त्यावर गेला. आणि माळावर देऊळ शिखरासकट उभं राहिलं, आत दिवे लागलेलं. हत्ती गोठ्यातही होता आणि तिथंही.

मग कुणाच्या तरी चुलीवर दूध उतू गेलं, हात उचलला गेला, आणि देऊळ पुन्हा पडकं झालं.

खिंडीत येसूची काठी सापडली. वहाणा नव्हत्या. म्हणजे चालत गेली, एवढं लोकांना कळलं.

सोनवाळात अजूनही दिवेलागणीला दगडांवर हात टेकतात. त्या वेळी चुलीवर दूध ठेवत नाहीत. पाहुण्याला अर्धं देऊळ माळावर दिसतं, उरलेलं बघायला घरोघर चहा प्यावा लागतो. दगड परत जागेवर बसवायचं अधूनमधून निघतं. पण येसूआत्या ते कुठं शोधत बसेल, म्हणून राहतं. शेवटचा हात निंबोरीचा. पूर्वी तिथून खिंडीत येऊन दिवा दाखवत, हल्ली मिस्ड कॉल येतो. तो आला की सगळे माळाकडे बघतात. काही दिसत नाही. तरी लगेच कुणी हात उचलत नाही.