प्राधान्य हजार

"मग तो आधी बाहेरच्यालाच का विचारतो, बुवा?"

सारंग टेंबे अजून बसलाही नव्हता. रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणारा हा हुशार गडी उघडा लॅपटॉप हातात धरूनच रुग्णालयामागच्या मठात घुसला होता. यमाजीबुवांनी संन्यास घेण्याआधी वीस वर्षं सर्व्हर सांभाळले होते. सारंग त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"नीट सांग."

"लिनक्सच्या सर्व्हरवर काल ब्रिज उभा केला, दोन नेटवर्कं जोडणारा. तेव्हापासून वॉर्डांना लॅबचं मशीन सापडत नाही. त्याचं नाव फक्त आमच्या आतल्या डीएनएसला, नावावरून पत्ता सांगणाऱ्याला, ठाऊक. हा सर्व्हर आधी विचारतो बाहेरच्या डीएनएसला. तो म्हणतो, असं कुणी नाही. झालं, शोध संपला! ऑपरेशनं खोळंबलीत, बुवा. रक्ताचे रिपोर्ट हातात घेऊन माणसं पळताहेत."

"आतल्याला प्राधान्य दिलंस?"

"दिलं की! आधी दोनशे, मग पाचशे. आत्ता हजार."

"आणि बाहेरच्याला?"

"शंभर. तेही मी दिलेलं नाही, आपोआप आलंय."

बुवांनी आपल्या आसनावरून हात फिरवला.

"वेळ नाही हो, बुवा!"

बुवा उठले. सारंगला दंडाला धरून त्यांनी आपल्या उंच आसनावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यापाशी, चपलांशेजारी जाऊन बसले. सारंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही काय थट्टेची वेळ?

तेवढ्यात एक बाई लगबगीने दारात आली. आसनाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्यापाशी बसलेल्या माणसालाच विचारलं, "बाबा, औषधाचं दुकान कुठंय ओ?"

"डाव्या हाताला, माई."

ती गेली.

सारंगने वरून उंबऱ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या हजाराकडे.

"लहान आकडा आधी," तो पुटपुटला. "आणि मी येडा वाढवतच बसलो."

त्याने हजार पुसून दहा लिहिले. सेटिंग नव्याने लागू केलं. दोन मिनिटांत वॉर्डातून फोन आला, रिपोर्ट दिसू लागले होते.

लगेच गड्याची मान ताठ झाली. अशी माणसं शिकतात पटकन, सुधारत मात्र नाहीत.

"आता उणे आकडाच टाकतो, बुवा. म्हणजे बाहेरच्या कुणाला विचारायचंच नाही. आपला एकटा बास!"

बुवा उंबऱ्यावरून उठले.

"आणि तो एकटा आजारी पडला की? तूही आज बाहेरच विचारायला आलास ना?"